तेल मुरेपर्यंत
नाथषष्ठीला दिंडीचा शिधा पैठणला न्यायचा, अन् सिडकोतल्या घरापुढे जुन्या गाडीचं चाक पंक्चर. दोन नट हलेनात. पान्याला पाइप घालून मी जोर केला, बोल्टच तुटला. वाळूजच्या कारखान्यात जाणारा नातू रागावला नाही. म्हणाला, "आबा, गंजलं की लोखंड फुगतं, आटे आवळतात. तेल मुरू द्या." दुसऱ्या नटाला त्याने रात्रभर तेल पाजलं, सकाळी आधी किंचित आवळला, मग सोडवला. तुटलेला बोल्ट बदलला. शिधा उशिरा पोचला.

पन्नास वर्षं कीर्तनात धीर सांगितला मी. पोटच्या पोराला मात्र पाइप लावूनच वळवू पाहिलं. तो घर सोडून गेला. पैठणहून परतताना त्याला फोन लावला. त्याने उचलला.