आझादीच्या दाराशी

तेहरानमधल्या सर्वांत मोठ्या क्रीडांगणाचे नाव ‘आझादी’. १९७९ च्या क्रांतीनंतर काही काळातच पुरुषांचे फुटबॉल सामने पाहण्यास तिथे स्त्रियांना मज्जाव झाला आणि तो जवळजवळ चार दशके टिकला. जाफर पनाही यांच्या ‘ऑफसाइड’ (२००६) या चित्रपटात मुलांचा वेश करून आत शिरू पाहणाऱ्या मुली पकडल्या जातात. क्रीडांगणातच, पण मैदान दिसणार नाही अशा जागी त्यांना अडवून ठेवतात. जल्लोष कानी पडतो, दिसत काहीच नाही. अखेर पहाऱ्यावरचा एक शिपाईच डोकावून पाहत त्यांना सामन्याचे धावते वर्णन ऐकवू लागतो. आम्ही हा चित्रपट विद्यार्थ्यांना दाखवला तेव्हा या प्रसंगी वर्ग खळखळून हसला. महाविद्यालयाच्या कबड्डी संघातली एक मुलगी तेवढी हसली नाही. आपण सामने खेळतो हे घरी अजून ठाऊकच नाही, असे तिने नंतर आम्हांला सांगितले.

‘खेळामुळे स्त्री सक्षम होते’ हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! निलूफर अर्दलान इराणच्या फुटसाल संघाची कर्णधार. २०१५ साली मलेशियातल्या आशियाई स्पर्धेला तिला जाता आले नाही, कारण पारपत्राच्या नूतनीकरणास नवऱ्याने संमती नाकारली. तिथल्या कायद्याने विवाहितेला ती लागतेच. संघ तिच्यावाचून गेला आणि अजिंक्यपद घेऊन आला. पुढे ग्वाटेमालातल्या स्पर्धेसाठी तिला न्यायखात्याकडून तेवढ्यापुरती परवानगी मिळाली. कायदा होता तिथेच राहिला. मग खेळाने तिला दिले काय? आमच्या मते, चव्हाट्यावर बोलण्याचे बळ. अशी अडवणूक किती घरांत निमूटपणे गिळली जात असेल. ही कर्णधार होती, म्हणून तिची गोष्ट जगाला ऐकावी लागली.

दोष केवळ तेहरानच्या माथी मारून मोकळे होणेही बरे नव्हे. जून २०११ मध्ये अम्मान येथे जॉर्डनविरुद्धचा ऑलिंपिक पात्रता सामना इराणच्या मुलींना खेळू दिला गेला नाही, तो फिफाच्या पोशाखविषयक नियमामुळे. डोईवरचे वस्त्र मायदेशात काढायचे नाही आणि मैदानात घालायचे नाही! नियम कायमचा बदलायला २०१४ उजाडले.

सहर खोदायारी ही २९ वर्षांची तरुणी २०१९ साली पुरुषवेशात ‘आझादी’त शिरताना पकडली गेली. तुरुंगवास होणार या धास्तीने तिने न्यायालयाबाहेर स्वतःला पेटवून घेतले आणि सप्टेंबरात तिचा मृत्यू झाला. तिच्या आवडत्या संघाच्या रंगावरून लोक तिला ‘निळी मुलगी’ म्हणू लागले. पुढच्याच महिन्यात, १० ऑक्टोबरला, कंबोडियाविरुद्धच्या सामन्याला सुमारे साडेतीन हजार स्त्रियांना तिकिटे मिळाली. बसायला वेगळा, अडसर घातलेला भाग. इराणने १४–० असा विजय मिळवला. इतका एकतर्फी सामना एरवी आम्ही अर्ध्यावरच सोडला असता. त्या बायका मात्र अखेरपर्यंत झेंडे फडकावत, ओरडत राहिल्या.