तबकडीची दुसरी बाजू

वडिलांच्या पश्चात् त्यांच्या तबकड्या माझ्याकडे आल्या. त्यांत किशोरीबाई आमोणकरांची एक होती. एका बाजूस भूप, दुसऱ्या बाजूस बागेश्री. पुढें तेंच गायन चिरंजीवांनीं सीडीवर आणून दिलें आणि घरांत गोड वाद सुरू झाला.

शास्त्र चिरंजीवांच्या बाजूचें आहे, हें प्रथमच कबूल करतों. तबकडीवर सुई खांचेंतून घासत जाते आणि प्रत्येक वादनागणिक खांच झिजते. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडीला केवळ प्रकाशकिरण स्पर्श करतो. दर सेकंदास ध्वनीचे ४४,१०० नमुने वाचले जातात, आणि ७४ मिनिटेंपर्यंत कोणास उठावें लागत नाहीं.

वडिलांच्या वेळीं एक बाजू म्हणजे सुमारें २० मिनिटें. तेवढा वेळ घरांत कोणी बोलत नसे. बाजू संपली कीं ते स्वतः उठून, कडा धरून, ती उलटीत. भुपांत एके ठिकाणीं ‘टक्’ असा आवाज येतो. लहानपणीं माझाच हात सुईला लागला होता. ते रागावले नाहींत. मात्र पुढें ती जागा आली कीं माझ्याकडे पाहून हलकेंच हसत.

सीडीवर ती जागा स्वच्छ आहे. सूर तिच्यावरच अधिक खरा, म्हणून रोज मीहि तीच ऐकतों. तबकडी मात्र वडिलांच्या पुण्यतिथीस एकदां लावतों, आणि त्या ‘टक्’ची वाट पाहतों; दर वेळीं ती थोडी अधिक झिजते, हें ठाऊक असूनहि.