दूरच्या केंद्राचा माग

लघुलहरी, म्हणजे साधारण 3 ते 30 मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या रेडिओलहरी, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, आयनांबरातून, वळून जमिनीकडे परततात, म्हणूनच सुमारे दीड हजार किलोमीटरवरच्या कोलंबोचे रेडिओ सिलोन पनवेलपर्यंत पोहोचू शके. 1952 मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांच्या शास्त्रीय संगीताच्या आग्रहामुळे आकाशवाणीवर चित्रपटगीते मागे पडली आणि श्रोते सिलोनकडे वळले. 1957 ची विविध भारती हे त्याचे उशिराचे, काहीसे खजील उत्तर म्हणावे लागेल. मात्र निव्वळ छंद म्हणून ऐकणाऱ्याला गाण्यापेक्षा अंतराचीच ओढ अधिक असते: एलईडी दिव्यांच्या आणि चार्जरच्या विद्युत गोंगाटातूनही तो क्षीण केंद्र हुडकतो, वेळ, वारंवारता आणि स्पष्टता नोंदवून केंद्राला अहवाल पाठवतो, आणि पोच म्हणून येणाऱ्या, क्यूएसएल नावाच्या, सचित्र कार्डाची वाट पाहतो.