रिकामे बाक

इतिहास घेऊन एम. ए. झालो, तीस वर्षं दुसरं महायुद्ध शिकवलं. पण बेलारूस हा शब्द वर्गात कधी उच्चारल्याचं आठवत नाही. परवा एका जुन्या विद्यार्थ्याने एक छायाचित्र आणून दाखवलं. मोकळ्या मैदानात शाळेचे पांढरेशुभ्र बाक ओळीने मांडलेले. समोर फळा. मूल एकही नाही.

गाव क्रास्नी बेरेग. युद्धात इथे जर्मनांनी मुलांची छावणी केली होती. जखमी सैनिकांसाठी त्या मुलांचं रक्त काढलं जाई. 2007 मध्ये उघडलेलं हे स्मारक लिओनीद लेविन यांनी घडवलं. प्रवेशाशीच डोक्यावर हात धरलेली एक कृश मुलगी आहे, ब्राँझची. पण माझी नजर हलेना ती बाकांवरून.

लेविन यांचा जन्म मिन्स्कचा, 1936 चा. शिक्षणाने वास्तुशिल्पी, दगड-धातूचं काम शिल्पकारांना बरोबर घेऊन करायचे. खातिन या जाळलेल्या खेड्याचं स्मारक 1969 मध्ये झालं, त्याच्या तिघा वास्तुशिल्पींपैकी ते एक. 22 मार्च 1943 रोजी तिथे 149 माणसं मारली गेली, त्यांत 75 मुलं. लेविन आणि सहकाऱ्यांनी घरं पुन्हा बांधली नाहीत. प्रत्येक घराच्या जागी धुराड्यासारखा एक खांब उभा केला, वर घंटा. दर तीस सेकंदांनी ती वाजते. शाळेची घंटा ऐकण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला हे वाचून कसं वाटलं असेल, पाहा.

मिन्स्कमधलं 'यामा' हे आणखी एक. यामा म्हणजे खड्डा. आपल्याला मात्र यमच आठवतो. 2 मार्च 1942 रोजी तिथे हजारो ज्यूंना मारलं. युद्ध संपल्यावर लगेच उभारलेल्या तिथल्या स्तंभावर यिद्दिश भाषेतला मजकूर होता. तो लिहिणारा कवी माल्तिन्स्की आणि कोरणारा पाथरवट स्प्रिशेन, दोघांनाही पुढे अटक होऊन छावणीत धाडलं. स्वतःच्या भाषेत चार ओळी कोरल्याची ही किंमत! पाट्यांवरच्या अक्षरांसाठी काय काय होतं, हे सीमाभागातल्या वाचकांना मी काय सांगावं? 2000 मध्ये लेविन यांनी त्याच खड्ड्याच्या पायऱ्यांवर ब्राँझच्या माणसांची उतरती रांग उभी केली. जुना स्तंभ तसाच ठेवला.

लेविन 2014 मध्ये गेले.

आमच्या पाचवीत यंदा अकरा मुलं. मागचे बाक रिकामे. छायाचित्र पाहताना क्षणभर तेच मनात आलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. आमची मुलं मेलेली नाहीत. रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत धडधाकट शिकताहेत, संध्याकाळी माझ्या दारावरून ओरडत जातात. तुलना करूच नये.

तरी शिपायाने विचारलं, "सर, मागचे बाक अडगळीच्या खोलीत टाकू का?"

म्हटलं, "राहू देत. पुसून ठेव."