फुगलेले पोट आणि त्याआधीचे प्रश्न

लिंगपुष्टी शस्त्रक्रिया, म्हणजे व्यक्तीला स्वतःची जी लिंगओळख आतून जाणवते तिच्याशी शरीर जुळवून देणारी शस्त्रक्रिया, महाराष्ट्रात मुख्यतः मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत होते. परंतु तिच्यानंतर पोट फुगते ते पुष्कळदा रुग्ण घरी परतल्यावर, आणि त्या पोटावर पहिला हात पडतो तो घराजवळच्या दवाखान्यातील डॉक्टरांचा. नाशिकच्या इंदिरानगरात, वडाळा-पाथर्डी रस्त्यालगतच्या एखाद्या सोसायटीत राहणाऱ्या रुग्णासाठी शस्त्रक्रिया करणारा सर्जन मुंबईत, कसारा घाटाच्या पलीकडे असतो, आणि रात्री अकरा वाजता पोट तटतटू लागले तर तो निदान त्या रात्रीपुरता दूरच असतो. म्हणून या उपद्रवाची जाण ही केवळ सर्जनची विद्या मानणे चुकीचे आहे. ती वसाहतीतील डॉक्टरांची, ड्रेसिंग करायला येणाऱ्या सिस्टरची आणि शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसांचीही विद्या आहे.

पोट फुगण्याचा अर्थ लावण्यापूर्वी नेमकी कोणती शस्त्रक्रिया झाली हे कळले पाहिजे, कारण एकाच नावाखाली परस्परांपासून फार भिन्न गोष्टी मोडतात. ट्रान्स स्त्रीमध्ये शिश्नाची त्वचा आत वळवून योनिमार्ग घडवतात, ज्याची पद्धत जॉर्ज ब्यूरू या फ्रेंच सर्जनने 1956 पासून कासाब्लांकात रूढ केली, तेव्हा सामान्यतः उदरपोकळी उघडली जात नाही; उलट मोठ्या आतड्याचा सिग्मॉइड नावाचा वळणदार तुकडा वापरून योनिमार्ग केला, तर आतडे कापून पुन्हा जोडलेले असते आणि त्या जोडाची काळजी पुढचे कित्येक दिवस वाहावी लागते. ट्रान्स पुरुषामध्ये गर्भाशय आणि कधी बीजकोश दुर्बिणीने काढताना उदरपोकळीत कार्बन डायऑक्साइड भरतात, आणि मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे येणाऱ्या मूत्रवाहिन्या शस्त्राच्या अगदी जवळून जातात. एकाच्या पोटात जे घडणे जवळजवळ अशक्य, त्याचीच शंका दुसऱ्याच्या पोटात सर्वांत आधी घ्यावी लागते.

बहुतेक वेळा कारण साधेच निघते. भूल, वेदनाशामक औषधे, विशेषतः अफूवर्गीय औषधे, आणि अंथरुणावरचा मुक्काम यांमुळे आतड्यांची हालचाल मंदावते. याला सिस्टर लोक ‘आतडे झोपले’ म्हणतात. लहान आतडे साधारण 24 तासांत, जठर 24 ते 48 तासांत आणि मोठे आतडे 48 ते 72 तासांत पूर्ववत चालू लागते, म्हणून ‘गॅस सुटला का?’ हा वॉर्डातला रोजचा प्रश्न कितीही संकोचाचा वाटला तरी अत्यंत महत्त्वाचा असतो. दुर्बिणीसाठी भरलेला वायू काही दिवसांत शोषला जातो आणि तोवर खांद्यात दुखणे जाणवते, कारण तो श्वासपटलाला डिवचतो आणि श्वासपटल व खांदा यांच्या संवेदना मज्जारज्जूच्या एकाच भागात पोहोचतात. हे रुग्णाला आधी सांगितले असेल तर खांदा दुखला म्हणून हृदयविकाराच्या भीतीने रात्र काढण्याची पाळी येत नाही.

मूत्राशयाचा प्रश्न मात्र अधिक विचार मागतो. योनिमार्ग घडवल्यावर आत बसवलेले पॅकिंग आणि लघवीची नळी साधारण आठवड्याच्या आसपास काढतात, आणि त्यानंतर सुजेमुळे मूत्रमार्ग दबून लघवी तुंबू शकते. चारशे-पाचशे मिलिलिटर सहज धरणारा मूत्राशय लिटरभर किंवा त्याहून अधिक लघवीने ताणला गेला की बेंबीखालचा भाग गोल आणि टणक होतो. त्यावर बोटाने ठोकले तर पोकळ आवाजाऐवजी बद्द आवाज येतो. येथे फसगत अशी होते की अशा रुग्णाला थोडी थोडी लघवी होत राहते, कारण भरलेला मूत्राशय वरून ओसंडत असतो, आणि ‘लघवी होतेय ना’ एवढ्या उत्तरावर समाधान मानणारा तपासनीस ते पोट गॅसचे समजून बसतो. या तुंबण्याला शरीराबाहेरचीही कारणे असतात आणि वैद्यकाने ती आपल्या विषयाबाहेरची मानू नयेत: मुंबईहून येताना ढाब्यावरच्या कोणत्या स्वच्छतागृहात जावे आणि तेथे कोण काय बोलेल, या धास्तीने ट्रान्स व्यक्ती चार-चार तास लघवी रोखून धरतात, पाणी पिणे टाळतात, आणि मग तुंबलेली लघवी व बद्धकोष्ठ दोन्ही बरोबर घेऊन घरी उतरतात. समाजाची नजर अशा रीतीने पोटात उतरलेली दिसते. पारंपरिक ‘निर्वाण’ विधीत रुग्णालयाबाहेर लिंगच्छेद झालेल्या तृतीयपंथी व्यक्तींमध्ये मूत्रद्वार पुढे आकसून हीच अवस्था येऊ शकते, आणि ती सांगायला लाज वाटल्याने उपचाराला उशीर होतो.

आता धोक्याची कारणे. योनिमार्गासाठी जागा करताना सर्जन गुदाशय आणि पुरःस्थ ग्रंथी यांमधल्या पातळ पडद्यातून वाट काढतो; तेथे गुदाशयाला इजा झाली आणि ती त्याच वेळी ध्यानात आली तर शिवता येते, पण नजरेतून निसटली तर संसर्ग ओटीपोटात आणि क्वचित उदरपोकळीतही पसरतो. सिग्मॉइडचा जोड गळू लागला तर ते बहुधा पहिल्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे नेमके रुग्ण घरी जाण्याच्या बेतात असताना कळते, आणि पोट दगडासारखे होण्याच्या पुष्कळ आधी नाडी वाढलेली असते. विश्रांतीतही शंभराच्या वर राहणारी नाडी, ताप, हिरवट उलटी आणि वाढत जाणारे दुखणे ही लक्षणे एकत्र आली तर क्ष-किरण किंवा सीटी स्कॅन करवून सर्जनला तातडीने कळवणे एवढेच योग्य आहे. मूत्रवाहिनीला झालेली इजा आणखी मूक असते: लघवी पोटात साठत जाते, पोट हळूहळू भरते, आणि उदरावरणातून ती रक्तात परत शोषली गेल्याने क्रिएटिनिनचे प्रमाण वाढून मूत्रपिंडे निकामी झाल्याचा भास होतो.

या साऱ्यांचा भेद करायला यंत्रांच्या आधी हात, कान आणि वेळ लागतो. पोट तपासताना क्रम ठरलेला आहे: आधी पाहावे, मग स्टेथोस्कोपने ऐकावे, नंतर ठोकावे आणि शेवटी दाबावे, कारण आधी दाबल्याने आतड्यांचे आवाज बदलतात. पूर्ण शांत पोट झोपलेल्या आतड्याकडे बोट दाखवते, तर टणत्कारी, उंच स्वराचे आवाज अडथळ्याकडे. दाबताना हात कोमट असावा, दुखऱ्या जागेपासून दूर सुरुवात करावी आणि नजर पोटावर न ठेवता रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवावी. एकदा तपासून निर्णय देण्यापेक्षा दोन-तीन तासांनी त्याच हाताने पुन्हा तपासणे अधिक सांगून जाते. बेंबीच्या पातळीवर टेपने घेर मोजून पेनाने खूण करण्याची जुनी रीत आजही टाकाऊ झालेली नाही.

घरचे उपाय मायेने केलेले असतात, पण येथे त्यांना मर्यादा आहे. बेंबीभोवती हिंगाचा लेप किंवा कोमट पाण्याबरोबर ओवा यांनी सहसा अपाय होत नाही. मात्र एरंडेल किंवा एनिमा सर्जनला विचारल्याशिवाय कदापि देऊ नये, कारण आतडे अडलेले असेल तर रेचकाने ते अधिक ताणले जाते आणि नव्या योनिमार्गालगतची गुदाशयाची भिंत एनिमाच्या नळीने फाटू शकते.

तथापि खरी अडचण पुष्कळदा हाताची नसून संभाषणाची असते. डॉक्टरांनी कुतूहल बाजूला ठेवून ‘शरीरात सध्या कोणते अवयव आहेत, कोणते काढले, आतड्याचा भाग वापरला का, नळी केव्हा निघाली’ एवढे दार लावून, शांतपणे, रुग्णाच्या पसंतीच्या नावाने विचारले तर अर्धे निदान तेथेच होते. आणि उपहासाचा वास आला तर रुग्ण ‘काहीतरी खाल्लं असेल’ म्हणून ॲसिडिटीची गोळी घेऊन उठून जातो. 2019 च्या पारलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 15 ने शस्त्रक्रिया, संप्रेरकोपचार आणि त्याआधी-नंतरचे समुपदेशन यांबरोबरच वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या फेरविचाराचीही जबाबदारी शासनावर टाकली. राज्यातील डॉक्टर आणि परिचारिका ज्याच्या परीक्षा देतात ते 1998 मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकच्याच म्हसरूळला आहे, म्हणून हा विषय वैद्यकीय शिक्षणात किती नेटाने शिकवला जावा याची अपेक्षा या शहराने इतरांहून अधिक ठेवणे रास्त ठरेल. बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांच्यावर 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज या शासकीय रुग्णालयात शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा झाला तेव्हा हा विषय मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. टप्प्यांच्या मधल्या काळात रुग्ण आपल्या गावी असतो आणि तेथला डॉक्टर त्याला सांभाळतो, याविषयी मात्र फारसे लिहिले गेले नाही.

पोट फुगण्याला मुदत नसते, हेही ध्यानात ठेवावे लागते. उदरात झालेल्या कोणत्याही शस्त्रक्रियेनंतर आतडी आपसांत चिकटू शकतात आणि अडथळा वर्षांनंतरही येऊ शकतो. सिग्मॉइडचा तुकडा योनिमार्ग झाला तरी आतड्याचा स्वभाव सोडत नाही, तो श्लेष्मा स्रवतच राहतो, आणि प्रवेशद्वार आकसले तर तो आत साठून ओटीपोटात गाठीसारखा हाताला लागतो. अशा गाठीसमोर स्त्रीरोगाची नेहमीची पाटी लावून सोनोग्राफीला पाठवले, तर सोनोग्राफी करणारा नसलेले गर्भाशय शोधत बसतो आणि असलेल्या पुरःस्थ ग्रंथीकडे पाहतच नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या रुग्णालयाने घरी सोडतानाच्या कार्डावर, रुग्णाच्या संमतीने आणि मराठीत, काय काढले, काय ठेवले, काय कोठून आणून बसवले आणि रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा हे चार ओळींत लिहून द्यावे, आणि रुग्णाने ते कार्ड इतर कागदांत न पुरता पाकिटात ठेवावे.