तुआमोतूची पत्रे, आसेगावच्या पत्त्यावर

दिवाडी, गोवा

ती. बाबा व आई यांस सा. न. वि. वि.

प्रशांत महासागराकडे निघण्याआधी दिवाडीला येणं भाग होतं. मांडवीच्या पात्रातलं हे बेट, फेरीबोटीनं गाठायचं. इथल्या अ‍ॅक्वेरियस कारखान्यात रत्नाकर दांडेकरांनी ‘म्हादेई’ बांधली. एका डोलकाठीची, सतरा मीटर लांबीची ही शिडाची बोट फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला कमांडर दिलीप दोंदे तिला घेऊन मुंबईहून एकटेच निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीला वळसा घालून मुंबईतच परतले. शिडाच्या बोटीनं एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाउन एवढेच चार मुक्काम. कालव्यातून जायचं नाही, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, २१,६०० सागरी मैलांपेक्षा कमी अंतर चालत नाही, असे या प्रदक्षिणेचे नियम आहेत.

बाबा विचारतात की समुद्र न पाहिलेल्या मुलखातल्या माणसाचं समुद्रावर काय काम? याचं उत्तर फलटणजवळच्या विंचुर्णी गावात आहे. दोंदे यांच्या या ‘सागर परिक्रमे’ची कल्पना मुळात व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेला हा नौसैनिक निवृत्तीनंतर विंचुर्णीला राहिला. तिथून समुद्र दिसत नाही. तरीही भारतीयानं शिडाच्या बोटीनं जग फिरावं हा ध्यास त्यांनी सोडला नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात ते गेले. त्याच्या काही महिने आधी ‘तारिणी’वरून सहा महिला नौसेना अधिकारी प्रदक्षिणा पुरी करून गोव्यात परतल्या होत्या, ते त्यांना पाहायला मिळालं. ‘तारिणी’ ही बोटही दिवाडीचीच.

या बोटी पॅसिफिकमधल्या प्रवाळबेटांकडे मात्र फिरकल्या नाहीत. प्रदक्षिणेची वाट खूप दक्षिणेला, जिथं पश्चिमेचे वारे जमिनीचा अडथळा न येता वाहतात तिथून जाते. ‘तारिणी’वरच्या दुसऱ्या मोहिमेत लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघी जानेवारी २०२५ च्या अखेरीस पॉइंट निमोजवळून गेल्या. पृथ्वीवर जमिनीपासून सगळ्यात दूरची सागरी जागा ती हीच. तिथून जवळचा किनारा म्हणजे सुमारे २,७०० किलोमीटरवरचं ड्यूसी, एक निर्मनुष्य कंकणद्वीप, म्हणजे प्रवाळाच्या कड्याचं बेट. अशा बेटांचा दाट पुंजका पाहायचा तर आणखी वायव्येला, फ्रेंच पॉलिनेशियातल्या तुआमोतूला जावं लागतं.

पपीएते, ताहिती

नकाशावर ताहिती एका ठिपक्याएवढं दिसतं. पण फ्रेंच पॉलिनेशियाच्या ताब्यातला समुद्र सुमारे ४८ लाख चौरस किलोमीटर आहे, भारताच्या जमिनीहून मोठा. त्यातली एकूण जमीन मात्र आपल्या वाशिम जिल्ह्याएवढीही भरत नाही. शंभराहून अधिक बेटांत ती विखुरली आहे. ताहिती, मूरिया, बोराबोरा ही डोंगराची बेटं, आणि ईशान्येला तुआमोतूची सुमारे ऐंशी कंकणद्वीपं, ज्यांवर टेकडीसुद्धा नाही.

बंदरात उभ्या असलेल्या बोटींमध्ये एका जुन्या फ्रेंच खलाशाची आठवण अजून निघते. १९६८ साली एकट्यानं, कुठेही न थांबता जग फिरण्याची शर्यत लागली. ती पुरी करणारा एकच, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची ‘सुहेली’ मुंबईत सागवानातून बांधलेली, जेमतेम बत्तीस फुटी. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला तो इंग्लंडला पोचला. बेर्नार मोइतेसिए हा फ्रेंच खलाशी त्या शर्यतीत जोरात होता. केप हॉर्न ओलांडून घराकडे वळायची वेळ आली तेव्हा त्यानं शर्यत सोडली, बोट पुन्हा पूर्वेकडेच चालू ठेवली आणि जून १९६९ मध्ये ताहितीला नांगर टाकला. पुढे तो तुआमोतूतल्या अहे बेटावर जाऊन राहिला. शर्यत जिंकलेल्या माणसाइतकाच आदर इथले लोक मोइतेसिएला देतात, आणि ते योग्यच आहे.

आमच्या बोटीवर कप्तान धरून चौघं आहेत. तांदूळ, डाळ, कांदे, बटाटे, पिण्याच्या पाण्याची पिंपं भरून झाली. पुढच्या बेटांवर दुकान असलं तरी माल येतो तो पपीएतेहून येणाऱ्या जहाजानं, आणि जहाज आलं नाही तर फळीवर काही उरत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल हा इकडचा चक्रीवादळांचा काळ, म्हणून बोटी तो टाळून फिरतात. त्यानंतरही आग्नेयेकडून ‘माराआमू’ हा जोरकस वारा अधूनमधून सुटतो. तो सुटला की दोन-तीन दिवस नांगर उचलायचा नाही, हे कप्तानानं आधीच सांगून ठेवलं आहे.

रांगिरोआ

पपीएतेपासून रांगिरोआ सुमारे साडेतीनशे किलोमीटर. रात्रभर वारा एका बाजूनं, बोट एकाच अंगावर झुकलेली, आणि पहाटे क्षितिजावर नारळाच्या झाडांची एक रेघ. डोंगर असलेलं बेट लांबून दिसतं. कंकणद्वीप जवळ गेल्याशिवाय दिसतच नाही, कारण जमीन पाण्यावर दोन-चार मीटरच आलेली असते. फ्रेंच दर्यावर्दी बुगेनव्हिल यानं अठराव्या शतकात या बेटसमूहाला ‘धोक्याचा द्वीपसमूह’ म्हटलं ते यामुळेच. रडार आणि उपग्रहाचे नकाशे येण्याआधी इथं पुष्कळ जहाजं फुटली. १९४७ साली पेरूहून बाल्सा लाकडाच्या तराफ्यावर निघालेली थोर हेयरडालची ‘कोन-टिकी’ १०१ दिवसांनी याच तुआमोतूतल्या रारोइयाच्या प्रवाळभिंतीवर आदळली. माणसं सगळी वाचली.

कंकणद्वीप म्हणजे प्रवाळाचं कडं. कड्यावर ठिकठिकाणी वाळूची आणि नारळाची बेटं, मध्ये शांत पाणी, बाहेर एकदम हजारो मीटर खोल समुद्र. रांगिरोआच्या कड्याच्या आतलं पाणी पंधराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे वाशिम जिल्ह्याचा पाव भाग त्यात सहज मावेल. एवढ्या पाण्याला बाहेर पडायला मोठ्या अशा दोनच खिंडी, तिपुता आणि अवातोरू. दक्षिणेच्या समुद्रातून येणाऱ्या मोठ्या लाटा कड्यावरून आत पाणी ओततात, भरती-ओहोटी त्यात भर घालते, आणि ते सगळं पाणी या खिंडींतून बाहेर धावतं. प्रवाह बोटीच्या इंजिनाला जुमानत नाही. बाहेरून येणारी लाट आणि आतून येणारा प्रवाह समोरासमोर आले की खिंडीच्या तोंडाशी पाणी उभ्या भिंतींसारखं उसळतं.

म्हणून खिंडीबाहेर थांबायचं. पाणी फिरण्याची वेळ तक्त्यात दिलेली असते, पण दक्षिणेला मोठ्या लाटा असल्या की तक्ता चुकतो. शेवटी डोळ्यांनीच पाहावं लागतं. कप्तान दुर्बीण घेऊन बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. उसळी मावळली, पाण्याचा पृष्ठभाग सपाट झाला, तेव्हा शिडं उतरवून इंजिनावर बोट आत घेतली. तिपुताच्या खिंडीत डॉल्फिन कायम असतात. त्या दिवशीही होते, बोटीच्या नाकापुढे उड्या मारत.

आत शिरलं की काम संपलं असं आई समजेल. पण कड्याच्या आत प्रवाळाचे सुळके पाण्याखाली जागोजाग उभे असतात, काही तर पृष्ठभागापर्यंत येतात. त्यामुळे सूर्य माथ्यावर आणि पाठीमागे असतानाच पुढे जायचं. एक जण डोलकाठीवर चढून बसतो. गडद निळं पाणी खोल, हिरवट निळं उथळ, तपकिरी दिसलं की खडक. ढग आला की रंग जातात आणि बोट थांबते. नांगराच्या साखळीला मध्येच मोत्यांच्या शेतीतले जुने तरंगते गोळे बांधतात, म्हणजे साखळी प्रवाळात अडकत नाही आणि प्रवाळही मोडत नाही.

अहे

चि. भाचीचा प्रश्न आला होता की यंत्रं नव्हती तेव्हा ही बेटं माणसांनी शोधली कशी? तिला हे वाचून दाखवावं.

पॉलिनेशियातले लोक हजारभर वर्षांपूर्वी जोडहोड्यांतून या अफाट समुद्रात घरं शोधत फिरले. ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्याच्या जागा त्यांना तोंडपाठ होत्या. लाटा कोणत्या दिशेनं येतात आणि बेटाला वळसा घालून कशा वाकतात, हे होडीच्या हेलकाव्यावरून ते ओळखत. संध्याकाळी पाणपक्षी ज्या दिशेला परततात तिकडे जमीन. अनाआ या कंकणद्वीपाच्या आतलं पाणी इतकं हिरवं की वरच्या ढगांचे तळही हिरवे दिसतात. तो ढग बेटाच्या आधी दिसतो. विसाव्या शतकात काही विद्वानांनी म्हटलं की हे सगळं योगायोगानं, वाहत जाऊन घडलं असावं. त्याला उत्तर म्हणून हवाईच्या लोकांनी ‘होकुलेआ’ ही जोडहोडी बांधली. १९७६ मध्ये मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचे माऊ पियाइलुग यांनी होकायंत्राशिवाय, नकाशाशिवाय तिला हवाईहून ताहितीला नेलं. पपीएतेच्या किनाऱ्यावर त्या दिवशी हजारोंची गर्दी लोटली. ज्ञान जिवंत होतं, एका लहानशा बेटावरच्या माणसाकडे होतं, आणि त्यानं आपल्या जमातीबाहेरच्यांनाही ते शिकवलं.

अहेचं आजचं जगणं काळ्या मोत्यांवर आणि नारळाच्या खोबऱ्यावर चालतं. मोत्यांची शेती शेजारच्या मानिहीवर १९६० च्या दशकात सुरू झाली. मोइतेसिए इथं आला तेव्हा प्रवाळाच्या चुऱ्यात भाजीपाला आणि झाडं वाढवण्याचा त्यानं प्रयत्न केला. पालापाचोळा कुजवून माती तयार केली. मातीच नसलेल्या जागी शेती करू पाहणारा हा खलाशी बाबांना आवडेल.

पाण्याची गोष्टही बाबांसाठीच. इथं नदी नाही, ओढा नाही. घरांच्या छपरांवरून पन्हळीनं पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात. वाळूच्या खाली गोड्या पाण्याचा एक पातळ थर असतो, खाऱ्या पाण्यावर तरंगणारा. विहीर जरा खोल गेली किंवा उपसा जास्त झाला की खारं पाणी वर येतं, अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात होतं तसं. समुद्राची पातळी वाढली की हा थर आधी नासतो; गाव बुडायच्या कितीतरी आधी प्यायचं पाणी जातं.

मासे भरपूर, पण कड्यातला मोठा मासा गावकऱ्यांना विचारल्याशिवाय खायचा नाही. प्रवाळावरच्या एका सूक्ष्म शैवालाचं विष लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जातं. शिजवल्यानं ते नष्ट होत नाही. कोणत्या बेटाच्या कोणत्या बाजूचा मासा चांगला, हे तिथल्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक.

फाकारावा

रोतोआवा या गावात नांगर टाकला आहे. १८८८ मध्ये रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन ‘कॅस्को’ नावाच्या यॉटवरून इथंच आला होता. त्यानं या बेटांवर लिहिलेली पत्रं वर्तमानपत्रांत छापून आली. फाकारावाच्या दक्षिण खिंडीत शेकडो राखाडी शार्क एकत्र राहतात. हा भाग युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रात येतो आणि इथं शार्क मारत नाहीत.

ही कंकणद्वीपं झाली कशी, ते इथल्याच समुद्रात टप्प्याटप्प्यानं पाहता येतं. ताहिती तरुण, उंच डोंगराचं. वायव्येला बोराबोरा: डोंगर बराच खचलेला, भोवती प्रवाळाचं कडं. त्याही पुढची बेटं नुसती कडी. चार्ल्स डार्विन १८३५ मध्ये ताहितीला आला होता. ज्वालामुखी हळूहळू खचत जातो, प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर वाढत राहतो आणि शेवटी फक्त कडं उरतं, असं त्यानं १८४२ मध्ये मांडलं. वाद बरीच वर्षं चालला. १९५२ मध्ये एनेवेटाक बेटावर भोक पाडलं तेव्हा प्रवाळाखाली सुमारे १,४०० मीटरवर ज्वालामुखीचा खडक लागला. डार्विन बरोबर होता.

आता आपल्या आसेगावकडे या. शिवारातल्या काळ्या मातीखालचा काळा पाषाण, विहीर खणताना फोडावा लागतो तो, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो लाव्हा ज्या खोल उष्णस्थानातून आला, त्याच्यावरून भारताचं भूखंड उत्तरेकडे सरकत गेलं आणि मागे समुद्रात एक लांब डोंगररांग उरली. तिच्यावर लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस ही कंकणद्वीपं उभी आहेत. मालदीव आणि छागोसच्या बाजूला समुद्रतळात भोकं पाडून मिळालेला बेसॉल्ट, म्हणजे असाच काळा पाषाण, दक्षिणेकडे तरुण होत जातो. तेच उष्णस्थान आज रियुनियन बेटावर आग ओकतं आहे. म्हणजे आसेगावच्या विहिरीतला दगड आणि मालदीवच्या वाळूखालचा दगड एकाच घरातले.

वाशिमच्या शाळांत भूगोल शिकवताना हे सांगायला हवं. कंकणद्वीप म्हटलं की पुस्तकात पॅसिफिकचं चित्र येतं आणि मुलांना वाटतं हे आपलं नाही. लक्षद्वीपची बेटं आपली आहेत, त्यांतल्या दहांवर माणसं राहतात, आणि सगळ्यांची जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर आहे. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापल्यानं तिथलं प्रवाळ पांढरं पडून मोठ्या प्रमाणावर मेलं. मेलेलं प्रवाळ कडं राखू शकत नाही, आणि कडं गेलं की वाळू राहत नाही.

भाचीला सुट्टीत तिकडेच न्यावं, बाबा. तुआमोतूला यायला फार पैसा लागतो. लक्षद्वीपला कोचीहून जहाज जातं. आधी प्रशासनाचा प्रवेश परवाना काढावा लागतो, तेवढं वेळेवर करा.