हातखंब्याच्या सड्यावरील बीजें

मुंबई-गोवें महामार्गानें जाणाऱ्या प्रवाशास हातखंबा ठाऊक असतो तो तिठा म्हणून. येथून रत्नागिरीस वळावयाचें, एवढेंच त्याच्या ध्यानांत राहतें. परंतु भाद्रपदांत येथें उतरून जांभ्याच्या सड्यावर अवश्य चढावें.

सडा म्हणजे उघडा कातळ. वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलूनही वैशाखांत तो असा तापतो कीं, अनवाणी पाय ठेववत नाहीं. त्याच कातळाच्या वीतभर खोल खळग्यांत पावसाळ्यांत गेंदांचीं पांढरीं बोंडें आणि सीतेच्या आसवांचीं निळीं फुलें इतकीं दाट येतात कीं, पाऊल कोठें टाकावें हें कळेनासें होतें. पाणी आटूं लागतांच यांतील बहुतेक झाडें बीं टाकून मरतात. पुढील मृगापर्यंत त्यांचा सारा वंश बोटभर सुक्या गाळांत निजलेला असतो.

अशा गाळांत किती बीजें असावींत? चार्ल्स डार्विन यानें एका लहानशा तळ्याच्या कांठचा तीन मोठे चमचे चिखल घेतला. सुकल्यावर त्याचें वजन सुमारें १९० ग्रॅम भरलें. तो सहा महिने अभ्यासिकेंत झांकून ठेवून, उगवेल तें रोप उपटून त्यानें मोजलें. संख्या भरली ५३७! पाणपक्ष्यांच्या पायांना लागलेल्या चिखलाबरोबर बीजें कशीं दूर जातात, हें दाखविण्यासाठीं १८५९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत त्यानें ही हकीकत दिली आहे. हा प्रयोग आपल्या ओटीवरही होण्याजोगा आहे. वैशाखांत सुक्या गाळाची एकच मूठ आणावी, परळांत पसरावी, वर नखभर पाणी ठेवावें, आणि मोजणी घरांतील मुलांकडे सोंपवावी.

कमळाची तऱ्हा निराळी. त्याच्या बियांचें कवच इतकें अभेद्य कीं, चीनमधील एका कोरड्या सरोवराच्या तळाशीं सांपडलेलें सुमारें १३०० वर्षांचें बीं रुजल्याचें संशोधकांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केलें. म्हणून तें कानशीनें एका बाजूस घासावें. आंतील फिकट थर दिसतांच थांबावें. मग कोमट पाण्यांत टाकून पाणी रोज बदलावें. आठदहा दिवसांत हिरवा कोंब येतो. मुळें फुटलीं कीं चिकणमातीच्या कुंडींत लावावा. अमरकोश घोकतांना कमल आणि कुमुद हीं आम्हीं वेगळीं पाठ केलीं. त्यांच्या पेरणींतही तसाच भेद आहे. कुमुदाचें बीं बारीक. फळ फुटतांच पाण्यावर तरंगत जातें. यास्तव फळावर आधींच मलमलीची पुरचुंडी बांधावी. बीं गाळावर भुरभुरून वर चिमूटभर वाळू टाकावी, आणि रोप वाढेल तसतसें पाणी वाढवावें.

सडे मात्र दिवसेंदिवस आक्रसत आहेत. कोठें चिऱ्यांसाठीं खाणी, कोठें माती आणून टाकून कलमांची लागवड. आमच्या घराच्या भिंतीही चिऱ्यांच्याच. तेव्हां चिरे काढूंच नयेत, असें आम्हांस म्हणवत नाहीं. पण खाण सुरू करण्यापूर्वीं खळग्यांतील गाळ खरवडून जवळच्या दुसऱ्या खळग्यांत पसरण्यास मजुराचा एखादा दिवस पुरावा. गांवचें तळें उपसतांनाही वरचा चार बोटें थर वेगळा ठेवून पावसापूर्वीं पुनः तळाशीं पसरावा. जलपर्णी माजलेल्या तळ्याचा गाळ तेवढा दुसऱ्या पाण्यांत नेऊं नये. तिचेंही बीं गाळांत वर्षानुवर्षें जिवंत राहतें.